तुमची नात लपून बसली, त्या दुपारची गोष्ट

बाबा, तुमची नात गेल्या जानेवारीत एका दुपारी घरातून नाहीशी झाली होती. सापडली, सुखरूप आहे, आत्ता खाली बसून सायकलची घंटा खोलते आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला अशा गोष्टीचा शेवट आधी लागायचा. मला शाळेतून यायला जरा उशीर झाला की तुम्ही कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी येऊन उभे राहायचात, आणि मी दिसले की दळण आणायला आल्यासारखं दाखवायचात. हातात डबाही नसायचा. मी हसायचे. आता मला आठ वर्षांची मुलगी आहे आणि त्या गिरणीपाशी उभं राहणं म्हणजे काय, ते मला कळतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यानंतरचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. मी भूलतज्ज्ञ झाले, लग्न केलं, आणि आम्ही दोघं आयर्लंडला आलो. मी कॉर्कमधल्या एका हॉस्पिटलात काम करते, नवरा औषधाच्या कारखान्यात आहे, आणि आम्ही राहतो कोव्ह नावाच्या बंदरात, उभ्या चढावरच्या एका घरात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धक्का दिसतो. हाच तो धक्का, बाबा. तेव्हा गावाला एका राणीचं नाव होतं. आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेले लोक इथूनच अमेरिकेच्या जहाजात चढले. तुम्ही नगरच्या कॉलेजात एसवायच्या मुलांना इतिहासात वर्षानुवर्षं हे शिकवलंत आणि मुंबईच्या पलीकडे कधी गेला नाहीत. घर बघायला आलो तेव्हा दलाल खोल्या दाखवत होता आणि मी नुसती खिडकीशी उभी होते. नवरा म्हणाला, "अगं, किचन तरी बघ." मी म्हटलं, "बघितलं. घेऊया."

आईची टेलिफोन एक्स्चेंजमध्ये संध्याकाळची पाळी असली की स्वयंपाक तुमच्याकडे असायचा. तुम्ही लसूण सोलता सोलता उद्याचं लेक्चर म्हणून बघायचात, आणि समोर ओट्यावर बसलेली मी हा तुमचा वर्ग. कॉलेजने टाकून दिलेला अमेरिकेचा भिंतीचा नकाशा तुम्ही माझ्या वाढदिवसाला आणला होता आणि तो दुसऱ्या जागेअभावी गॅसच्या शेजारी लावला होता. ओहायो नदीवर फोडणीचे डाग पडले होते. त्या डागांवर ओलं बोट ठेवून तुम्ही सांगायचात, "ही नदी. अलीकडे माणूस विकत मिळतो. पलीकडे मिळत नाही. पण पलीकडे पोचला म्हणून सुटला असं नाही, कारण नंतर कायदाच असा केला की पळून आलेल्या गुलामाला पकडून द्यायला पलीकडच्या माणसांनीही मदत करायची. नाही केली तर दंड, तुरुंग." मग तुम्ही त्या एका कुटुंबाची गोष्ट सांगायचात. आई, बाप, आणि खोकला झालेलं तान्हं पोर. नदी ओलांडून एका शेतकऱ्याच्या घरी येतात. तो त्यांना कपाटामागच्या पोकळ भिंतीत लपवतो. पकडणारे येतात, कुत्री घेऊन, आणि थंडी आहे म्हणून त्याच खोलीत शेकोटीपुढे बसतात. भिंतीआड आईने पोराचं तोंड छातीशी दाबून धरलेलं आहे. इथे तुम्ही सुरी खाली ठेवायचात. पिठलं खदखदत असायचं आणि तुम्ही मला विचारायचात, "त्या घराची मालकीण तू असतीस तर? दार उघडलं असतंस?" मी "हो" म्हणायचे, आणि मग रात्री आईच्या कुशीत शिरून विचारायचे, ते पोर खोकलं का गं? आई तुमच्यावर चिडायची. "अहो, पोरीला झोप नाही. तुमची ती अमेरिका कॉलेजातच ठेवून येत जा." दोन दिवस तुम्ही गप्प राहून कांदा चिरायचात. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओहायो.

पण मला सगळ्यात भीती वाटायची ती दुसऱ्याच दोन गोष्टींची, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. न्यूयॉर्कजवळच्या एका बेटावर जहाजातून उतरलेल्या तापकऱ्यांना ठेवायचं हॉस्पिटल होतं. ताप आपल्या वस्तीत येईल म्हणून आसपासच्या लोकांनी ते जाळलं. रुग्णांना आधी उचलून बाहेर गवतावर ठेवलं आणि मग पेटवलं. त्या रुग्णांत आयरिश पुष्कळ होते. आणि काही वर्षांनी त्याच शहरात, लढाईवर सक्तीने नेतात म्हणून चिडलेला जमाव रस्त्यावर आला आणि त्याने काळ्या अनाथ मुलांचं वसतिगृह जाळलं. मुलं मागच्या दाराने निसटली. त्या जमावातही आयरिश पुष्कळ होते. मी विचारलं होतं, "तेच?" तुम्ही म्हणालात, "तेच म्हणजे त्यांच्यासारखेच. उपाशी आलेले." तुम्ही स्वतः कुत्र्याला घाबरायचात, प्रिन्सिपलना घाबरायचात, गॅसचं बटण तीनतीनदा बघायचात. तरीही रोज संध्याकाळी त्या आगीपाशी का जाऊन बसायचात, ते मला अजून कळलेलं नाही.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये हा नवा आजार आला. तुम्ही हे पाहिलं नाहीत, बरं झालं. श्वास अडकलेल्या माणसाला भूल देऊन घशातून नळी घालायची, हे माझं काम. त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर माझं तोंड. पहिल्या महिन्यात आयसीयूच्या दारापाशी गेल्यावर माझी बोटं गार पडायची, हातमोजे चढायचे नाहीत. घरी आल्यावर बूट बाहेर, कपडे थेट मशीनमध्ये, आंघोळ, आणि मग वरच्या माळ्यावरच्या खोलीत मी एकटी. मुलीला जवळ घ्यायचं नाही, असं मीच ठरवलं. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची, मी वरच्या. तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीतून येतं, तेही इथल्या हेलात. एक दिवस म्हणाली, आई, अशी एवढ्या लांबून बोलतेस तर गोष्ट तरी सांग. मला गोष्टी येतात त्या तुमच्याच. मी तिला ओहायो सांगितली. भिंत आली, कुत्री आली, शेकोटी आली. आणि तिने विचारलं, "आई, डिड द बेबी कॉफ?" तुम्ही मला जे उत्तर द्यायचात तेच मी दिलं, की माहीत नाही. तिलाही ते आवडलं नाही. पण रोज तीच गोष्ट मागायची.

आमच्या शेजारी एक बाई एकट्या राहतात. सत्तरीच्या पुढच्या, छाती पहिल्यापासून अधू. मुलगी त्यांना नॅना म्हणते, इथे आजीला तसं म्हणतात. दोन घरांच्या मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि ती ओलांडून ही त्यांच्याकडे केक खायला जायची. त्या मार्चमध्ये बाई भिंतीपाशी आल्या, लांब उभ्या राहिल्या. "तू फार मोठं काम करते आहेस गं, पोरी," त्या म्हणाल्या. "देव तुझं भलं करो. पण थोडे दिवस धाकटीला इकडे नको येऊ देऊस, हं? तू जातेस तिथे... तुला कळतंय ना?" मी म्हटलं, "अगदी बरोबर आहे तुमचं." आणि खरंच बरोबर होतं. मी डॉक्टर म्हणून तेच सांगितलं असतं. तरी आत येऊन सिंकपाशी उभी राहिले तेव्हा मला गवतावर ठेवलेले ते रुग्ण दिसले. त्यानंतर मी दुकानात जाताना गळ्यातलं हॉस्पिटलचं कार्ड खिशात घालायला लागले.

जानेवारीत लाट आली ती पहिलीपेक्षा मोठी. शाळा बंद, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रस्त्यात गार्ड, म्हणजे इथले पोलीस, गाड्या अडवून विचारायचे. त्या दिवशी मी पाळी संपवून सकाळी घरी आले तर मुलीला ताप होता आणि कोरडा खोकला. नवरा आणि मी तिच्या खोलीबाहेर हळू आवाजात बोललो. तो म्हणाला, "मग आता?" मी म्हटलं, "टेस्टला न्यावं लागेल. दुपारची वेळ मिळाली आहे. तोपर्यंत तिला वेगळी ठेव, दार लावून घे." तो म्हणाला, "वाटेत गार्ड अडवतील." मी म्हटलं, "अडवू देत. सांगू, खोकला झालाय म्हणून घेऊन चाललोय." मग मी फोनचा आवाज बंद करून वर जाऊन आडवी झाले. नवरा खाली स्वयंपाकघरात ऑफिसच्या मीटिंगला बसला.

बाबा, ती जागी होती. दाराआडून तिने प्रत्येक शब्द ऐकला होता. वेगळी ठेव. दार लावून घे. गार्ड. खोकला झालाय म्हणून घेऊन चाललोय.

मला नवऱ्याच्या हाकेने जाग आली. अंथरूण रिकामं होतं. आम्ही कपाटं उघडली, पलंगाखाली पाहिलं, जिन्याखालची अडगळ उपसली. मी माळ्यावर तीनदा गेले, जणू तिसऱ्या वेळी ती तिथे असणार होती. मग नवऱ्याने मागचं दार लोटलं आणि ते नुसतं टेकवलेलं होतं. तिचे रबरी बूट जागेवर नव्हते. कोट मात्र खुंटीवर होता. बाहेर वारा सुटला होता, पाऊस आडवा येत होता, आणि जानेवारीत इथे चहाच्या वेळेलाच अंधारून येतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, कारण दोघांच्याही डोळ्यांपुढे उतारावरून खाली गेलेला तो रस्ता आणि त्याच्या टोकाचं पाणी होतं. नवरा धावत धक्क्याकडे गेला. मी गार्डांना फोन लावला आणि पलीकडून मुलीचं वय विचारलं तेव्हा मला सांगता येईना. मी रोज माणसांची नाडी थांबताना पाहते, तेव्हा मी आकडे मोजत असते, हातांना काम असतं. त्या वेळी हातांना काही काम नव्हतं. मी अंगणात येऊन तिला हाका मारत होते आणि वारा माझा आवाज माझ्याच तोंडात परत कोंबत होता.

भिंतीपलीकडे बाईंच्या स्वयंपाकघरात दिवा होता. खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली. त्या वाफेतून मला आधी त्यांची पाठ दिसली, आणि मग त्यांच्या खांद्यावर टेकलेलं काळ्या केसांचं डोकं. मी भिंत कशी ओलांडली ते आठवत नाही, गुडघा फुटला होता हे नंतर कळलं. दार उघडलं. ती त्यांच्या मांडीवर होती, लोकरी चादरीत गुंडाळलेली, तोंड कोळशाने काळं. बाईंनी मास्क लावलेला नव्हता. खिडक्या बंद होत्या. पोरीचा श्वास त्यांच्या मानेवर.

"कोळशाच्या शेडमध्ये होती," त्या म्हणाल्या. "कोळसा घ्यायला गेले तर आतून खोकला ऐकू आला. तोंडात टोपी कोंबून बसली होती गं. म्हणाली, सांगू नका, ते मला न्यायला येतायत, कुत्री घेऊन. मी शब्द दिला, नाही सांगत. मग जरा ऊब आली तिला तेव्हा तुला फोन केला, तर तू उचलेनास."

मी दारातच उभी. म्हटलं, "तिला ताप आहे. खोकला आहे. तुम्ही तिला असं..."

"तिला काय झालं असेल ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. त्या घाबरल्या होत्या, बाबा, चांगल्याच घाबरल्या होत्या. "पण पोर गारठून निळी पडली होती. मी काय शेडच्या दारात उभी राहून विचार करत बसायचं?"

टेस्ट पॉझिटिव्हच आली. घरात आजार कुणी आणला ते कळलं नाही. मुलगी चार दिवसांत उड्या मारायला लागली, नवऱ्याला नुसती कणकण आली, मला लशीचा पहिला डोस मिळाला होता म्हणून की काय, काहीच झालं नाही. आम्ही दारं लावून बसलो आणि मी रोज सकाळी शेजारच्या धुराड्याकडे बघायचे. धूर निघाला की चहा घशाखाली उतरायचा. रोज फोन करायचे. "आय'म ग्रँड," त्या म्हणायच्या, म्हणजे इथल्या बोलीत, मी ठीक आहे. सहाव्या की सातव्या दिवशी 'ग्रँड' म्हणताना त्यांना मध्येच दम खावा लागला. मीच अँब्युलन्स बोलावली. पडद्याआडून पाहिलं, त्यांना खुर्चीत बसवून उतारावरून नेलं. त्यांनी आमच्या खिडकीकडे हात हलवला, आणि मुलीने विचारलं, "दे टुक नॅना इन्स्टेड?"

विलगीकरण संपवून मी कामावर परतले तोवर त्या ऑक्सिजनच्या सगळ्यात वरच्या पायरीवर पोचल्या होत्या. मी त्यांच्या वॉर्डात गेले तेव्हा झगा, मास्क, चष्मा यांतून त्यांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "धाकटी कशी आहे?" मग जरा थांबून, "ती कुत्री कुठली गं? कोण येणार होतं तिला न्यायला?" मी खुर्ची ओढली आणि त्यांना ओहायो सांगितली. इंग्रजीत सांगताना जाणवलं की ही गोष्ट मला मराठीतच येते, तुमच्या आवाजात. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आमचेही तिकडे गेले होते. आजोबांच्या दोन आत्या, इथल्याच धक्क्यावरून. आमची माणसं त्या भानगडीत कुणाच्या बाजूला होती?" मला ते जळणारं वसतिगृह आठवलं. आजारी माणसाला खोटं सांगायला काय हरकत होती? पण तुम्ही सांगितलं नसतंत. मी म्हटलं, "दोन्ही बाजूंना होते." त्यांनी मान हलवली. "तसंच असणार," म्हणाल्या. "फार घाबरलेले असणार बिचारे."

आणि मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "मला झोपवायची वेळ आली तर तू झोपव. अनोळखी कुणी नको." मी "बरं" म्हटलं. बाहेर येऊन कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिले. त्या वयाची, तशा छातीची माणसं एकदा झोपवली की त्यांतली किती उठत होती ते मला माहीत होतं. त्यांनी माझ्या पोरीला ऊब दिली होती आणि आता त्यांचा शेवटचा जागा क्षण माझ्या हातून जायचा होता. त्या दुपारी मी खरोखर औषधं भरून ठेवली, नळी काढून ठेवली. बाईंना आम्ही पालथं झोपवलं होतं. मी मॉनिटरकडे बघत उभी होते. आकडा खाली गेला, रेंगाळला, पुन्हा चढला. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त चढला. वेळ आली नाही, बाबा. बाई या मार्चमध्ये घरी आल्या, निम्म्या होऊन, दोन पावलं चालून थांबत. भिंतीपाशी येऊन मुलीला म्हणाल्या, "माझा कोळसा मोजलाय मी, एक खडा कमी आहे." मुलगी हसली. मी आत पळाले आणि नळ सोडून रडले.

मुलगी आता गोष्ट मागत नाही. मीही सांगत नाही. रात्री तिचं दार उघडं ठेवते आणि तिला राग येतो.

हे सगळं खरं म्हणजे आईला सांगायचं होतं. तिला यातलं काहीच माहीत नाही. दर रविवारी मी फोनवर म्हणते, आम्ही मजेत, आणि ती म्हणते, मीही मजेत. आता मे महिना चालू आहे आणि नगरहून ज्या बातम्या येतात त्या मी हॉस्पिटलात जेवताना वाचते आणि डबा तसाच परत आणते. विमानं नाहीत, असली तरी मला उतरू देतील याची खात्री नाही. शेजारची मुलं तिला डबा देतात, असं ती सांगते. तुम्हाला लिहिते आहे, कारण हे वाचून तुम्ही आता घाबरणार नाही. कागद कुठे जाणार नाही, हे कळतंच तुम्हाला.

काल आईला व्हिडिओ लाव म्हटलं तर म्हणाली, "नको गं, आज नुसतंच बोलूया." मी "बरं" म्हटलं आणि तिला तुमच्या नातीच्या सायकलबद्दल सांगत बसले. का नको, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.